एकमेकींचं तोंड

फेअरबँक्सला जानेवारीत पारा उणे चाळीसवर उतरला की निदान एक कटकट मिटते: फॅरनहाइट की सेल्सिअस, हे कोणाला विचारावं लागत नाही. त्या एका आकड्यावर दोघांचंही एकमत आहे. ओलिन बहिणींचं मात्र गेली दोन वर्षं कशावरच एकमत नव्हतं. थोरली मेव्हिस आणि धाकटी टिल्डा एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या.

दुसऱ्या एखाद्या गावात हे खपून गेलं असतं. इथे सायकलने कामावर जाणाऱ्यांना ते परवडत नाही. थंडीने नाक धरलं तर ते ज्याचं त्याला कळत नाही. आधी झोंबतं, मग झोंबायचं थांबतं, आणि माणसाला वाटतं, चला, थंडी कमी झाली. तोवर नाकाच्या शेंड्यावर पांढरा डाग पडलेला असतो आणि तो फक्त समोरच्याला दिसतो. म्हणून वाटेत जो कोणी भेटेल, ओळखीचा असो नसो, त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि सांगायचं. 'नाक.' 'गाल, डावा.' एवढंच. मग तो माणूस हातमोजा काढून उघडा तळवा तिथे धरतो, रंग परत येईपर्यंत. काही पांढरं नसेल तर बोलायचंच नाही, आपल्या वाटेने जायचं. गप्प राहिलं म्हणजे ठीक आहे. उणे चाळीसात फुकटची बडबड करायला जीभ कोणाची शिवशिवते?

या रीतीला भांडणतंटा आड येत नाही. बायको पळवून नेणाऱ्यालासुद्धा नाक पांढरं झालं असेल तर सांगतात, मग शिव्या घालतात.

दोघी बहिणी एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. मेव्हिस पाव भाजायची, टिल्डा मोठ्या पातेल्यांवर असायची, आणि दोघींच्या मध्ये होती मुख्य आचारीण डोरीन, जिचं खरं काम निरोप पोचवण्याचं होऊन बसलं होतं.

"डोरीन, तिला सांग, भट्टी मला साडेनऊला लागेल."

"डोरीन, तिला सांग, मला ऐकू येतं."

"अगं बायांनो, माझं टपालखातं बंद करा गं एकदा!" डोरीन म्हणायची. "तिकिटं लावायला लावीन आता."

भांडण आईवरून. दोन उन्हाळ्यांपूर्वी मेव्हिस किनाऱ्यावर मासे डबाबंद करण्याच्या हंगामी कामाला गेली होती. इकडे आई रात्री-अपरात्री घराबाहेर पडू लागली, एकदा तर नदीकाठी सापडली. टिल्डाने सही केली आणि तिला दूर अँकरेजच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तीन आठवड्यांत आई गेली. जाताना दोघींपैकी कोणीच जवळ नव्हतं. दफनाच्या दिवशी मेव्हिस टिल्डाला एवढंच म्हणाली, "मला विचारायला फोन नव्हता का?" टिल्डाने सतरा वेळा फोन केला होता. त्या किनाऱ्यावर फोन लागत नाहीत, हे मेव्हिसलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय उपयोग? ती त्या दिवशी जी गप्प झाली, ती झालीच.

खरं सांगायचं तर मेव्हिसला राग येत होता असंही नाही. राग आला असता तर बरं. आई गेल्याचं कळलं तेव्हा तिला काही वाटलं नाही, खड्ड्यावर माती पडली तेव्हाही नाही. आज ना उद्या रडू फुटेल म्हणून ती वाट बघत राहिली, आणि वाट बघण्याचीच सवय झाली. अबोला तेवढा तिला सांभाळता येत होता. त्याला काही वाटावं लागत नाही, नुसतं तोंड मिटलं की झालं.

घरं दोघींची एकाच टेकडीवर, वाट एकच, पाच मैलांची. टिल्डा सहाला पाच कमी असताना निघायची, मेव्हिस सहा वाजून दहा मिनिटांनी. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण दोन हिवाळ्यांत एकदाही चुकलं नव्हतं. गाडी दोघींकडेही होती. पण या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर वीज पाजावी लागते, सकाळी अर्धा तास तिचे लाड करावे लागतात, आणि तरी ती कण्हतच निघते. सायकल बिचारी काही मागत नाही.

त्या मंगळवारी मेव्हिसने दार उघडलं आणि नाकातले केस कडकन ताठ झाले, म्हणजे चाळीसच्या खाली. ती सायकलवर बसली. सीट लाकडासारखं टणक. हँडलला बसवलेल्या गुबगुबीत कप्प्यांत तिने हात कोपरापर्यंत खुपसले. कपाळावरच्या दिव्याचा उजेड धुक्यात पाच-सहा हात जाऊन थकत होता. पहिला मैल नेहमीच वाईट, कारण निघताना कुडकुडायला झालं तरच कपडे बरोबर झालेत असं समजायचं, नाहीतर पुढे घाम फुटून तो गोठतो. दुसऱ्या मैलाला अंग तापलं. पायाची बोटं आहेत की नाहीत ते कळेनासं झालं आणि डोकंही तसंच शांत झालं. हा दुसरा मैल मेव्हिसला आवडायचा. तिथे काहीच वाटत नाही, आणि ते थंडीमुळे आहे असं म्हणता येतं.

झाडीतून वाट उघड्यावर येते तिथे पुढे एक लाल दिवा हलताना दिसला. सायकलच्या वेगाने नाही, चालीच्या वेगाने.

टिल्डा सायकल ढकलत होती. काय झालं ते मेव्हिसला लांबूनच कळलं. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमधलं ग्रीस थिजलं की पायडल गरागरा फिरतं आणि चाक ढिम्म हलत नाही. मग कामावर पोचेपर्यंत पायीच. अजून अडीच मैल होते. धापा टाकताना तोंडावरचा पट्टा श्वासाने गोठून पत्र्यासारखा झाला असणार, कारण तिने तो हनुवटीखाली ओढला होता.

चाकांचा करकर आवाज ऐकून टिल्डा वळली. मेव्हिसच्या दिव्याचा उजेड थेट तिच्या तोंडावर पडला.

नाक पांढरं होतं. शेंडाच नाही, अर्धं नाक. आणि डाव्या गालावर रुपयाएवढा डाग, मेणबत्तीच्या मेणासारखा.

टिल्डाने डोळे बारीक केले, ओळखलं, आणि तिने रीतीप्रमाणे मेव्हिसच्या तोंडाकडे बघितलं. मग जे बोलायची काहीच गरज नव्हती ते ती बोलली.

"तुझं ठीक आहे, मेव्हिस."

दोन वर्षांत पहिलं वाक्य, मध्ये डोरीन नसलेलं.

मेव्हिसच्या ओठांवर 'नाक' आलं होतं. दोनच अक्षरं. पण त्याच्याही आधी मनात आलं, बोलली बघ. आधी ती बोलली. दोन वर्षं टिकवलेली गोष्ट आपल्या हातची गेली नाही याचा एक कोरडा आनंद झाला, आणि त्या आनंदात पायांनी पायडल मारलं. ती पुढे निघून गेली.

शंभर पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ती नुसती गप्प राहिलेली नाही. या वाटेवर गप्प राहणं म्हणजे ठीक आहे असं सांगणं. ती टिल्डाशी खोटं बोलली होती.

परत फिरायला हवं होतं. सायकल वळवायची, शंभर पावलं मागे यायचं, दोन अक्षरं टाकायची. मेव्हिसने स्वतःला कारणं दिली. थांबलं तर घाम गोठेल. आपलंही फ्रीव्हील जाईल. मागून टपालवाला रॉस्को येईल, तो सांगेल, त्याला तर दुसऱ्यांच्या तोंडात नाक खुपसायची हौसच आहे. कारणं एकाहून एक चांगली होती. मैलभर ती कारणंच चालवत राहिली, आणि मैलभर गेल्यावर परत फिरण्यात खरंच अर्थ उरला नाही.

सातला स्वयंपाकघरात डोरीनने विचारलं, "टिल्डा कुठाय? आज चिलीचा वार. तिची कडधान्यं भिजून भिजून म्हातारी झाली. वाटेत दिसली का गं?"

"नाही," मेव्हिस म्हणाली.

तिने पीठ मळायला घेतलं. मंगळवारी पोरांना घेवड्या-खिम्याची चिली आणि सोबत दालचिनीचे गोल पाव. ती पट्ट्या लाटत होती, लोणी फासत होती, गुंडाळ्या करून कापत होती. हातांना काम पाठ होतं. डोळे घड्याळावर. सव्वासात. अडीच मैल बर्फातून ढकलत, म्हणजे तास. कुठे आली असेल, तळ्याशी? रॉस्को भेटला असेल. साडेसात. मंगळवारी रॉस्कोची सुट्टी असते हे तिला साडेसातलाच आठवलं, की आधीपासून माहीत होतं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"तू मीठ दुसऱ्यांदा घालतेयस," डोरीन म्हणाली.

आठला दहा कमी असताना मागचं दार उघडलं आणि थंडीचा पांढरा लोट आत आला. त्यातून टिल्डा आली. पापण्यांना बर्फ, टोपीला बर्फ, आणि चेहरा मात्र हसरा. असा चेहरा मेव्हिसने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"मेली सायकल," टिल्डा म्हणाली. "नुसतं पायडल फिरतंय. डोरीन, रागावू नकोस, चिली होईल वेळेवर." बोलता बोलता तिने मेव्हिसकडे बघितलं, चोरून नाही, सरळ.

डोरीनच्या हातातला डाव ओट्यावर आपटला.

"टिल्डा! नाक बघ! अगं, आरसा बघ आधी!"

टिल्डा हातमोजे काढत मोरीवरच्या आरशापुढे गेली. बराच वेळ तिथे उभी राहिली. मेव्हिसला तिची पाठ तेवढी दिसत होती. नाकाला बोट लावून तिने बघितलं, पुन्हा लावलं. टणक असणार. डाव्या गालालाही लावलं.

"चोळू नकोस!" डोरीन ओरडली. "खबरदार चोळलंस तर. माझी गाडी विजेला लावलेलीच आहे, दहा मिनिटांत निघू, दवाखान्यात जायचं. पण कोणी सांगितलं नाही तुला? अडीच मैल चालत आलीस, एक माणूस भेटू नये?"

टिल्डा वळली. हसू गेलं होतं.

"कोणी नाही भेटलं," ती म्हणाली.

"भेटून कोणी गप्प गेलं असेल तर नाव सांग. या गावात त्याला कोणी पाणी विचारणार नाही, मी बघते!"

"सांगितलं ना, डोरीन. कोणी नव्हतं वाटेत."

डोरीन कोट अडकवत, देवाला आणि थंडीला एकदमच शिव्या घालत गाडी सुरू करायला बाहेर गेली. ऊब लागून टिल्डाचं नाक आता रंग बदलायला लागलं होतं, पांढऱ्याचं जांभळं. दुखायला लागलं असावं, कारण तिने ओट्याची कड घट्ट धरली होती. तिने मेव्हिसकडे पाहिलं नाही.

मेव्हिसने पिठाचे हात पुसले. गप्प राहिली असती तर निभावलं असतं. टिल्डाने दार लावून दिलं होतं, मेव्हिसने नुसतं आत बसून राहायचं होतं. तिला स्वतःची किळस आली. दोन वर्षांत तिला पहिल्यांदाच काही वाटलं, आणि ते हे.

डोरीन दारात परत आली. "चल, निघ."

"मी भेटले होते तिला," मेव्हिस म्हणाली. "उघड्यावर. मी सातला तुला खोटं सांगितलं."

डोरीनने उघडं दार मागे लोटून लावलं.

"धुकं होतं," टिल्डा घाईने म्हणाली. "तिला दिसलं नसणार. दिव्यावर बर्फ साचतो."

"दिसलं होतं," मेव्हिस म्हणाली. "नाकही दिसलं होतं, गालही. शब्द तोंडात आला होता."

टिल्डा खाली बघत होती. बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यापेक्षा चढलेला बरा वाटला असता.

"मी खुशीत आले गं त्या वाटेने. चालताना थंडीसुद्धा वाटली नाही. म्हटलं, गप्प गेली, म्हणजे ठीक आहे म्हणाली. दोन वर्षांनी का होईना, मेव्हिस माझ्याशी काहीतरी बोलली."

मेव्हिस पुढे झाली. दोघींमध्ये एक हात अंतर राहिलं. तिने बहिणीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. सुजायला लागलेल्या नाकाकडे, गालाच्या त्या डागाकडे, त्याच्या कडेला धरू लागलेल्या फोडाकडे.

"नाक, टिल्डा," ती म्हणाली. "नाक, आणि डावा गाल."

टिल्डाने मान हलवली, वाटेवर भेटलेल्या कोणालाही हलवावी तशी, आणि डोरीनच्या मागोमाग बाहेर जाऊन गाडीत बसली.