तेराशे पिना

वन-हानने प्रोसेसर चिमटीत कडांना धरला आणि उलटा करून दिव्याखाली नेला. पोटाला तेराशेच्या वर सोनेरी पिना, केसाहून थोड्याच जाड. दुकानवाल्या च्वोताईंनी काउंटरवरून भिंग पुढे सरकवलं.

“नीट बघून घ्या. वापरलेला आहे. इथून उचललात की वाकलेली पिन तुमची.”

“नव्याला पिना नसतात?”

“नव्यात त्या बोर्डाकडे असतात. पण ते तुमच्या पैशात बसत नाही. बसवायचंच तर कूलर सोडा.”

“कूलर नाही सोडायचा.”

कूलर वीतभर उंच होता, तांब्याच्या चार नळ्यांचा. मुलीने पाठवलेल्या कॉम्प्युटरच्या यादीत तो नव्हताच. पंधरा वर्षांच्या यून-शीने काचेची पेटी आणि रंगीत दिवे लिहिले होते. पण ती आईबरोबर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती, आणि काओश्युंगच्या जुलैत त्या पत्र्याखाली काय होत असेल याचा अंदाज वन-हानला खालच्या रस्त्यावरूनही येत होता. म्हणून ताईंनी काचेऐवजी जाळीची पेटी काढली, दिवे खोडले, ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली आणलं आणि उरलेल्यात कूलर बसवला.

“पोरगी रुसेल. दिव्यांशिवाय नेम लागत नाही म्हणे यांचा.”

“रुसू दे. खेळताना बंद पडायला नको.”

रविवार होता. तीन वाजता त्याला पेइ-यूच्या दारात पोचायचं होतं. त्याने सहा वर्षं तुरुंगात आणि आठ महिने बाहेर काढल्यावर या घटस्फोटित बायकोने पहिल्यांदा होकार दिला होता. ये, माझ्यासमोर बसून मशीन जोड. पण कुणावर हात उचललास असं कानावर आलं, तर पुन्हा या दाराशी यायचं नाही.

तो तिसऱ्या ओळीतल्या पिना तपासत होता तेव्हा लाथ गुडघ्याच्या मागे बसली.

तो खाली गेला. हनुवटी काउंटरच्या कडेवर आपटली आणि जिभेचा तुकडा दातांत आला. मागून ओळखीचा आवाज आला, दर दोन शब्दांमागे जबडा कटकन वाजणारा. तो जबडा सात वर्षांपूर्वी वन-हाननेच एका देवळाच्या पायऱ्यांवर दोन ठिकाणी मोडला होता.

“हानदादा. बाजारहाट चाललीये?”

“ख्वेइ, आज नको.”

“आज नको म्हणतोय.” आ-ख्वेइ बरोबरच्या दोघांकडे वळला. “चुकलंच आपलं. वेळ घेऊन यायला हवं होतं.”

दुसरी लाथ बरगड्यांत बसली. वन-हानची उजवी मूठ आपोआप वळायला लागली आणि तळव्याला टोचलं. प्रोसेसर अजून हातातच होता. मूठ मिटली की पिना गेल्या. त्याने बोटं उघडली, वर डाव्या हाताचं झाकण केलं, ती ओंजळ पोटाशी घेतली आणि कपाळ फरशीला टेकवलं.

“उठ. मार एक. एकच,” आ-ख्वेइ म्हणाला. “तू सुटलायस तो वागणुकीच्या अटीवर. एक ठोसा, की ज्यांच्याकडे हजेरी लावतोस ते साहेबच तुला आत सोडतील. मला घाम गाळायला नको.”

वन-हान हलला नाही. दोघांपैकी ठेंगण्याने काउंटरवरचा पॉवर सप्लाय वायरींना धरून उचलला आणि फिरवला. दीड किलोचा तो डबा आधी खांद्यावर बसला. तिथे काहीतरी ओल्या लाकडासारखं वाजलं. दुसऱ्या फेरीत डब्याचा कोपरा भुवईवर आला. रक्त डोळ्यात गेलं, मग नाकाच्या शेंड्यावरून फरशीवर. पुढे येणारा थेंब ओंजळीत पडू नये म्हणून त्याने मान वळवली, तर त्या बाजूचा कान बुटाखाली आला.

“काय धरलंय रे त्यात? अंडं?”

“हात उघड त्याचे.”

त्यांनी मनगट पिरगाळलं. त्याने कोपर मांडीखाली दाबलं. मग लाथा मोजून पडू लागल्या, एकाच जागी, डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन बरगड्यांवर. चौथीनंतर श्वास अर्ध्यातच थांबायला लागला. समोरच्या दुकानांतली माणसं आपापल्या काउंटरमागे उभी होती. एकाने रेडिओ बंद केला. पुढे कुणी आलं नाही.

“तुमचाही माल खराब होतोय, मावशी,” आ-ख्वेइ च्वोताईंना म्हणाला. “या भेकडाला सांगा उठायला.”

ताईंनी खालच्या पहारेकऱ्याचा नंबर पुन्हा लावला. मघापासून त्या फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि पलीकडे कुणी उचलत नव्हतं. आ-ख्वेइने काउंटरला टेकून दम घेतला. चाचणीच्या मशीनवर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवलेली होती. ती त्याने उचलली, दातांनी फाडली आणि दोन दाणे तोंडात टाकले.

समोरच्या काउंटरांमागची माणसं त्या पुडीकडे बघायला लागली.

“ती खाली ठेव,” ताई म्हणाल्या.

“का? शिळी आहे?”

“मशीनवरची आहे ती.”

“मग मशीनला दुसरी द्या.” त्याने मूठभर दाणे तोंडात भरले. जबडा वाजला.

शेजारच्या दुकानातला केबलवाला पहिल्यांदा काउंटरबाहेर आला. त्याच्यामागून मॉनिटर दुरुस्त करणारे दोघे भाऊ. मग समोरचा रेडिओवाला, हातात लांब स्क्रूड्रायव्हर. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्या इमारतीत प्रत्येकाच्या मशीनवर तशी पुडी होती. तारीख उलटायच्या आत ती बदलत, पण मशीनवर असताना तिला कुणी नख लावत नसे.

“कुठल्या गावचा रे तू?” केबलवाल्याने विचारलं.

“काका, तुम्ही यात पडू नका.”

“आमच्या सगळ्यांच्या सर्व्हरची वायर त्या मशीनमधून जाते.” त्याने आ-ख्वेइच्या तोंडावर जाड केबलचं वेटोळं हाणलं. दाणे बाहेर उडाले. पुढचं वन-हानला फरशीवरून दिसलं ते फक्त पायांचं, ढकलाढकलीचं. ठेंगणा सरकत्या शटरवर आपटला आणि त्याच्या नाकातून रक्त आलं. आ-ख्वेइला चौघांनी कॉलरला धरून जिन्यावरून ओढत नेलं. प्रत्येक पायरीवर त्याचा आवाज तुटत होता.

“जरा पुडीवर हात पडला तर...” तो ओरडत राहिला. “माणूस मारत होतो तेव्हा कुठे होतात रे?”

केबलवाला परत आला आणि वन-हानकडे न बघता आपल्या काउंटरमागे गेला.

ताईंनी वन-हानला स्टुलावर बसवलं, भुवईवर फडका दाबला आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली. तळव्यावर लाल ठिपक्यांचा चौकोन उठला होता.

“दोन वाकल्यात,” त्या भिंगातून म्हणाल्या. “दोनच.”

“उचलला होता मी. माझ्या झाल्या.”

“गप्प बसा.” त्यांनी खटक्याच्या पेन्सिलीतली शिशाची कांडी काढून टाकली. पोकळ टोक एका पिनेवर घातलं आणि श्वास रोखून ती सरळ केली. मग दुसरी. प्रोसेसर बोर्डावर बसला. त्यावर त्यांनी मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली, कूलर आवळला. पडद्यावर तापमान आलं. अडतीस, एकोणचाळीस, आणि तिथेच थांबलं.

“दवाखान्यात जा आधी.”

“किती वाजले?”

“सव्वादोन.”

तीनला दोन मिनिटं कमी असताना तो पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत पोचला. पेटी एका हाताने छातीशी धरली होती, दुसरा हात वर जात नव्हता. दार साखळीएवढं उघडलं. फटीतून पेइ-यूने त्याची भुवई पाहिली, सुजलेला कान, शर्टावरचं वाळलेलं रक्त. आतून यून-शीचा आवाज आला, “आई, आले का?”

पेइ-यूची नजर पेटी धरलेल्या हाताकडे गेली.

“सामान खाली ठेव,” ती त्याला म्हणाली. “हात दे इकडे.”

त्याने फटीतून दोन्ही हात पुढे केले. डावा कोपरापासूनच. तिने ते धरले आणि पालथे केले. बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून तिने अंगठा फिरवला, एकेका हाडावरून, सावकाश. तिथली कातडी कुठेच फाटली नव्हती. सूज नव्हती. होते ते जुने पांढरे वण, आणि ते तिला पाठ होते.

तिने त्याचे हात सोडले आणि दार लावून घेतलं.

तो पेटीशेजारी उभा राहिला. ती साखळी काढायची तर आधी दार लावावंच लागतं, हे त्याला माहीत होतं. पलीकडे बराच वेळ काही वाजलं नाही. मग वाजलं.