नंदूसरांचे एकोणीस सामने

मी एक जुनी मिनीबस आहे. वय सतरा वर्षं. माणसांमध्ये हे वय कोवळं समजतात, पण कुवेतच्या उन्हात उभी राहणारी गाडी सतराव्या वर्षी आजी होते. माझ्या पुढच्या काचेला खालून तडा गेला आहे, सीटांचा निळा रंग उडाला आहे, आणि सकाळी पहिल्या फटक्यात मी सुरू होत नाही. तरीही माझी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिच्यात माझ्यापेक्षा जास्त दमलेला एक माणूस आहे.

मित्रांनो, माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. जहाजातून मी शुवैखच्या बंदरात उतरले, तेव्हा माझ्या सीटांवर प्लास्टिक होतं. पहिली सहा वर्षं मी परिचारिकांची ने-आण केली. ड्यूटी संपवून त्या माझ्यात चढत आणि पट्टा लावायच्या आत झोपत. त्यांची झोप मोडू नये म्हणून ड्रायव्हर मला हळू चालवायचा, आणि मलाही हळूच चालायची सवय लागली. मग इस्पितळाने नव्या गाड्या घेतल्या आणि मला एका खाजगी कॉलेजला विकून टाकलं.

त्याच महिन्यात कॉलेजात फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून नंदकुमार इंगवले आले. सगळे त्यांना नंदूसर म्हणत. सर मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या एका तालमीच्या फुटबॉल संघातून खेळताना त्यांचा डावा गुडघा गेला होता. कॉलेजचा ड्रायव्हर दुपारी चारनंतर थांबायला तयार नसे, म्हणून सरांनी स्वतः मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. तेव्हापासून मुलांना मैदानावर नेणं आणि खेळ संपला की एकेकाला घरी सोडणं, हे आम्हा दोघांचं काम झालं. क्लच डाव्याच पायाने दाबावा लागतो. प्रत्येक सिग्नलला सर ओठ आवळायचे. मागे बसलेल्यांना ते दिसत नसे.

पहिला सामना आम्ही नऊ गोलांनी हरलो. परतताना एकही मान वर नव्हती. सरांनी मला एका टपरीशेजारी थांबवलं आणि मागे वळून म्हणाले, "नौ गोल खाके पेट तो भर गया होगा. फिर भी थोडा फलाफल खाएंगे." आधी कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

अशी वर्षं गेली. सर पहाटे पाचला सराव घेत, कारण नंतर वाळू तापायची. लिंबू, मीठ आणि साखर घातलेल्या पाण्याची पिंपं ते माझ्या दारापाशी बांधून ठेवत. हळूहळू आम्ही कमी गोलांनी हरायला लागलो, मग बरोबरी करायला, मग जिंकायला. आठव्या वर्षी कॉलेजांची लीग जिंकलो, नवव्या वर्षी पुन्हा, दहाव्या वर्षी पुन्हा. माझ्या पुढ्यात उभं राहून फोटो निघाले. प्राचार्या फखरुन्निसा मॅडम हैदराबादच्या. त्यांनी माझ्या आरशाला हार घातला आणि सरांना म्हणाल्या, "आप तो हमारे घर के आदमी हैं, नंदकुमारजी."

त्या दिवसांतली एक गोष्ट फक्त मला ठाऊक आहे. मुलं कपडे बदलून यायच्या आधी सर एकटेच येऊन बसत, स्टीअरिंगवर कपाळ टेकवत आणि चार-पाच मिनिटं तसेच राहत. मुलांची चाहूल लागली की ताठ बसत. तिसऱ्यांदा लीग जिंकून दिलेल्या त्या शेवटच्या सामन्यानंतर तर ते इतका वेळ तसेच राहिले, की माझा हॉर्न वाजेल की काय असं मला वाटलं.

त्याच दिवशी दारावर टकटक झाली. पांढराशुभ्र, पायघोळ अरबी झगा, म्हणजे दिशदाशा, घातलेले एक वयस्क गृहस्थ आत चढले आणि सरांच्या शेजारच्या सीटवर बसले. त्यांचं नाव यूसुफ. कुवेतमधल्या एका मोठ्या क्लबाच्या फुटबॉलचा सगळा कारभार ते बघत.

"मेरा बाप बंबई में पढा," ते म्हणाले. "इसलिए मैं भी थोडा हिंदी बोलता. नंद कुमार, हमारा इक्कीस साल के नीचे वाला टीम है. बहुत बीमार है. तुम आओ. हेड कोच."

सरांनी स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"एक सीझन का काँट्रॅक्ट. अच्छा किया तो आगे. नहीं किया तो..." यूसुफनी हात झटकला. "मैं झूठ नहीं बोलता. दस दिन में बताओ."

ते उतरून गेले. मुलं चढली, गाणी सुरू झाली. सरांनी मला सुरू केलं आणि घाईत तिसऱ्याच गिअरमध्ये टाकलं. दहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

बातमी दोन दिवसांत सगळीकडे झाली. संघाचा कप्तान नीरज आता शेवटच्या वर्षाला जाणार होता. तो माझ्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "सर, एक साल और. मेरा लास्ट इयर है." मॅडमनी हिरवळीचं नवं मैदान करून द्यायचं कबूल केलं आणि हेही सुचवलं, की सरांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कॉलेजच्या नावावर आहे आणि कॉलेजने सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. मुलांनी माझ्या मागच्या काचेवर कागद चिकटवला, 'सर, मत जाओ.' सर सगळ्यांना एकच उत्तर देत, "या पोरांना टाकून कुठं जाऊ?" लोकांच्या डोळ्यांत पाणी येई. मलाही ते खरंच वाटलं होतं.

सहाव्या दिवशी मी उड्डाणपुलाच्या चढावर धाप टाकायला लागले. शुक्रवारी सकाळी सरांनी मला शुवैखच्या गॅरेजात नेलं. त्यांच्या पत्नी अर्चनाताई बरोबर होत्या. त्या बँकेत काम करत आणि शुक्रवारी त्यांना सुट्टी असे. गॅरेजातले तुळशीदास मिस्त्री सावंतवाडीकडचे. जलीब वस्तीतल्या एका खोलीत सहा जणांबरोबर राहत आणि दोन वर्षांनी एकदा घरी जात. त्यांनी माझं बॉनेट उघडलं, धूर बघितला आणि हात पुसले.

"सर, इंजिनाक काय एक झाला नाय. कार्बन धरलो हा."

"खर्चिक काम आहे का?"

"काम कसला? ही रोज कॉलेज ते मैदान, मैदान ते कॉलेज. लांब कधी जाताच नाय. डिझेलच्या गाडयेक मोकळा पळाक व्हया. आज सुट्टी आसा, तर जरा खिरानपर्यंत पळवन हाडा तिका. बरा वाटात तिका."

आणि मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदाच शहराबाहेर पडले, दक्षिणेला समुद्रकाठच्या खिरानच्या रस्त्याने. फहाहील मागे पडलं. तेल कारखान्यांच्या उंच नळ्यांवर ज्वाला दिसल्या, मग त्याही गेल्या. दोन्हीकडे वाळू, तारांचे खांब आणि सरळ रस्ता. माझ्या नळीतून काळा धूर निघाला, मग करडा, मग जवळजवळ काहीच नाही. बऱ्याच वर्षांनी मला मोकळा श्वास घेता आला.

सरांनी मला शेवटच्या गिअरमध्ये टाकलं. मग अर्चनाताई म्हणाल्या, "काय ठरलं?"

"ठरायचं काय त्यात? पोरांना सोडून कसं जायचं?"

"अहो, पोरांचं नाव पुढं करू नका."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे?"

"गोव्याच्या क्लबानं बोलावलं, तेव्हा आईंचं नाव पुढं केलंत. आई तर बॅग भरून बसल्या होत्या तुमची. पुढच्या खेपेला आपली अक्षरा लहान आहे म्हणालात. आता अक्षरा सतरा वर्षांची झाली. काल काय म्हणाली माहीत आहे? 'आई, टेल बाबा टू जस्ट गो.' आता पोरं राहिली. नीरज पुढच्या वर्षी बाहेर पडेल. मग दुसरा नीरज येईल. प्रत्येकाचं एक लास्ट इयर असतंयच की."

सरांनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं. इंजिन चालूच होतं. बाहेर वारा होता आणि वाळूचे बारीक कण माझ्या पत्र्यावर वाजत होते.

"भ्या वाटतंय गं," सर म्हणाले. "इथं हरलो तर पोरं म्हणतात, सर, पुढच्या वर्षी. तिथं कोण म्हणणार? सगळ्यांसमोर काढून टाकतील. पन्नाशी उलटली माझी. आणि मी दमलोय. लई दमलोय. पोरांना सोडून आलो की जिना चढवत नाही मला."

अर्चनाताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग दमलोय म्हणून थांबा. माझं काही म्हणणं नाही. घरी बसलात तरी चालतंय, माझी नोकरी आहे. नाहीतर जावा, पडलात तर पडलात. पण थांबायचं कारण खोटं नको. ते कारण तुम्हाला खातंय, आणि उद्या त्या पोरांवर राग काढाल."

"आणि काढून टाकलं तर?"

"तर काढून टाकलेला कोच म्हणून घरी या. जेवायला वाढीन."

सर हसले नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं, आणि मला त्यांचे खांदे हलताना जाणवले. मग त्यांनी मला फिरवलं. परतताना ताईंना झोप लागली आणि सरांनी मला हळू चालवलं.

शनिवारी सरावानंतर त्यांनी मुलांना माझ्यातच बसवून सांगितलं. भाषण केलं नाही. "मैं जा रहा हूँ. किसी ने भेजा नहीं, मुझे जाना है. डर लगता है, फिर भी जाना है." कुणीतरी विचारलं, "और हम?" सर म्हणाले, "तुम्हारा नुकसान होगा. मैं जानता हूँ. माफ करना." नीरज उठला आणि सरांशी हात न मिळवता उतरून चालत गेला. त्याचं घर नऊ किलोमीटर लांब होतं. सरांनी मला त्याच्या मागे-मागे नेलं, दार उघडं ठेवून. दोन सिग्नल तो चालला. तिसऱ्याला चढला आणि सगळ्यात मागे जाऊन बसला.

मॅडमनी इकामा सोडण्याच्या कागदावर सही करायला तीन आठवडे लावले. शेवटी केली. आपल्या हाताने मिठाईही दिली, पण सरांकडे बघितलं नाही.

त्यानंतर मी वाईट दिवस बघितले. नवा प्रशिक्षक मिळेना. सगळा उन्हाळा मी कॉलेजच्या मागे उभी राहिले, पन्नास अंशांत, टायर बसलेले, काचांवर बोटभर धूळ. मोसम सुरू झाला तेव्हा आमचाच एक जुना गोलकीपर नबील, जो आता कॉलेजात शिकवायचा, संघ सांभाळायला लागला. आम्ही पहिले चार सामने हरलो. नबीलला मुलांवर ओरडता येत नसे आणि मला तेल घालायचं त्याच्या ध्यानात राहत नसे. पण तो रोज येत राहिला. पाचवा सामना बरोबरीत सुटला, तेव्हा नीरजनेच त्याला खांद्यावर घेतलं.

सरांच्या बातम्या मला मुलांच्या बोलण्यातून कळत. पहिले तीन सामने जिंकले. मग एक मोठा पराभव, मग कधी जीत कधी हार, आणि शेवटी सलग पाच पराभव. मार्च उजाडायच्या आत क्लबाने त्यांना त्या संघावरून काढलं. यूसुफ खोटं बोलले नव्हते.

त्यानंतर दोन आठवड्यांनी आमचा मोसमातला शेवटचा सामना होता. कुंपणापाशी सर उभे होते, अर्चनाताईंबरोबर. केस जास्त पांढरे झालेले, पोट आत गेलेलं. सामना आम्ही एका गोलाने जिंकलो. लीगमध्ये आमचा नंबर पाचवा आला. नबील धावत सरांकडे गेला आणि त्यांना माझ्याजवळ सावलीत घेऊन आला.

"सर, आप वापस आ जाइए. मैं मॅडम से बात करता हूँ."

"नको रे," सर आधी मराठीतच म्हणाले, मग हिंदीत, "ये टीम अब तेरी है. मैं क्लब में ही हूँ. दस-दस साल के बच्चे दिए हैं मुझे. जूते की लेस बांधता हूँ उनकी."

नीरज आला. वर्षभर तो सरांशी बोलला नव्हता. घामाने भिजलेला, हातात मोजे. त्याने सरळच विचारलं, "सर, पछतावा होता है?"

सरांनी माझ्या पत्र्याला पाठ टेकली. त्यांचं सगळं वजन मला जाणवलं.

"थक गया हूँ, बेटा," ते म्हणाले. "पछतावा नहीं है. उन्नीस मॅच उस बेंच के सामने खडा रहा. पूरे उन्नीस. पहले दिन हाथ कांप रहे थे. आखरी दिन नहीं कांपे."

नीरजने मोजे दुसऱ्या हातात घेतले आणि उजवा हात पुढे केला. सरांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग अर्चनाताई म्हणाल्या, "चला, जेवायला उशीर होतोय," आणि दोघं आपल्या गाडीकडे सावकाश चालत गेली.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. माझं पाणी गळतं आहे, ते कुणीतरी नबीलच्या कानावर घाला. टायरांत हवा भरा, आणि महिन्यातून एकदा मला लांब पळवून आणा. एवढ्यावर मी अजून दोन-तीन वर्षं काढीन. पण तुम्हाला रोज कुणीतरी नेतं, आणतं, शिकवतं, सांभाळतं. गाडीत चढणारा प्रत्येक जण सरांना आपल्याला कुठे उतरायचं आहे ते सांगायचा. दहा वर्षांत मी हजारो वेळा ते ऐकलं. पण त्यांना कुठे जायचं आहे, हे विचारायला मात्र खिरानचा रस्ता लागला. तुम्ही एवढा उशीर करू नका. आज घरी गेलात की तुम्हाला नेणाऱ्या-आणणाऱ्यांना विचारा. आणि उत्तर तुमच्या सोयीचं नसलं, तरी त्यांची वाट मोकळी सोडा.