गुडघे टेकल्याशिवाय अंडं मिळत नाही

मित्रांनो, मी एक जुनी कन्फेशनची खोली आहे. खोली म्हणजे काय, तीन दारांचं लाकडी कपाटच. मधल्या कप्प्यात फादर बसायचे. दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत माणसं गुडघे टेकायची आणि जाळीतून आपली पापं सांगायची. सध्या मधल्या कप्प्यात बिशप बसते. बिशप ही तपकिरी कोंबडी आहे. ती तिथवर कशी पोचली हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

माझा जन्म मेलबर्नपासून खूप लांबच्या कुराबिनचा. चारी बाजूंनी गहू, मधे मेंढ्या आणि उरलेल्या जागेत धूळ, असं ते गाव. मला घडवलं अल्बी ट्रेगर नावाच्या सुताराने. अल्बी लोकर कातरायच्या शेड बांधण्यात पटाईत होता, पण तो होता मेथडिस्ट पंथाचा. त्यांच्यात कन्फेशन नसतं, म्हणजे तसली खोली त्याने जन्मात पाहिली नव्हती. फादरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. अल्बीला एवढंच कळलं की एका बाजूने कुणीतरी आत जातं, अंगावरचं ओझं उतरवतं आणि हलकं होऊन बाहेर येतं. तो म्हणाला, "मेंढ्यांसाठी हेच तर बांधतो मी." आणि त्याने मला मेंढ्यांच्या शेडची दारं बसवली, आपोआप झपकन मिटणारी. त्यामुळे माझ्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीत दाराची एक थाप बसते. कुराबिनच्या कॅथलिकांना वाटलं, हा प्रायश्चित्ताचाच भाग असणार. चार पिढ्यांत कुणीही तक्रार केली नाही.

माझे ते दिवस भरभराटीचे होते. फादर यायचे त्या शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये रांग लागायची. बूट पुसून, केस चोपून बसवलेले शेतकरी आपला नंबर येईपर्यंत छताकडे बघत उभे राहायचे. मी सगळ्यांचं सगळं ऐकलं आहे. आणि मित्रांनो, त्यातलं मी काहीही सांगणार नाही. फादर सांगत नाहीत, तर लाकडाने का सांगावं?

एकच गोष्ट सांगते, कारण लीओ हेनेसीने ती स्वतःच्या लग्नात स्वतःच सगळ्यांना ऐकवली होती. आठ वर्षांचा असताना त्याने फादरांना सांगितलं, "मी शेजाऱ्यांचा मेंढा चोरला." फादर म्हणाले, "परत कर." लीओ म्हणाला, "अजून चोरला नाही. पुढच्या आठवड्यात चोरणार आहे. तुम्ही महिन्यातून एकदाच येता, म्हणून आधी सांगून ठेवतोय."

मेंढा वाचला. लीओ मोठा झाला, नोरीनशी त्याचं लग्न झालं, आणि पन्नास वर्षं दोघं माझ्यासमोरच्या तिसऱ्या बाकावर बसली.

पुढे रांग आखूड होत गेली. तरुण मंडळी मेलबर्नला गेली आणि तिकडे त्यांची पापं कमी झाली की वेळ कमी झाला, कोण जाणे. माझ्या डाव्या कप्प्यात झाडू ठेवू लागले. उजव्यात नाताळच्या गोठ्यातला प्लास्टरचा उंट आला. अकरा वर्षं तो उंट गुडघे टेकून माझ्यात बसला होता. बोलला काहीच नाही, पण इतक्या दिवसांत नियमाने गुडघे टेकणारा तोच एकटा.

शेवटी चर्च विकलं गेलं. आता तिथे कॉफी मिळते. बाक, घंटा, मूर्ती दुसऱ्या गावांनी नेल्या. मला कुणी मागेना. तेव्हा लीओ गाडीमागे ट्रॉली लावून आला.

नोरीनने मला अंगणात पाहिलं आणि विचारलं, "हे कुठे ठेवणार आहेस?"

"कोल्ह्याने कोंबड्यांचं खुराडं मोडलंय ना."

"लीओ, त्यात मी सोळाव्या वर्षापासून पापं सांगितलीत."

"मग कोल्हा घाबरेल."

अशी मी खुराडं झाले. सुरुवातीला वाईट वाटलं. पण कोंबड्या माझ्यात रोज येत होत्या, आणि माणसांबद्दल मला तसं म्हणता आलं नसतं. त्या अंडी घालायच्या बाजूच्या कप्प्यांत, कोपर टेकायच्या फळीखाली, अगदी कोपऱ्यात. तिथे उभ्याने हात पोचत नाही, वाकून पाहिलं तर फळी डोक्याला लागते. गुडघे टेकले तरच अंडं हाती येतं. अल्बीने तसं ठरवलं नव्हतं, पण झालं तसं.

मग नोरीन आजारी पडली. ती शहरातल्या इस्पितळात गेली, ती सोमवारी, आणि लीओच्या शेडमध्ये लोकर कातरणी चालू होती. तो म्हणाला होता, गुरुवारी येतो. ती बुधवारी गेली.

दफनानंतरच्या सकाळपासून मित्रांनो, एक नवीन गोष्ट सुरू झाली. लीओ अंडी न्यायला आला, त्याने गुडघे टेकले, आणि सत्तर वर्षांची सवय त्याच्या तोंडातून आपसूक बाहेर पडली. "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे." एवढं बोलून तो थांबला. जाळीपलीकडून बिशप कुरकुरली. लीओ अंडी टोपीत घालून निघून गेला, दाराने पाठीत थाप दिली. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन वर्षं रोज तेच. पहिलं वाक्य यायचं, दुसरं येत नव्हतं. मी लाकूड आहे, पण माझाही जीव त्या दुसऱ्या वाक्यात अडकला होता.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं की लीओच्या हृदयाचं ऑपरेशन करायला हवं. त्याची मुलगी शोना त्याच्यापाशी राहायला आली. शोना नर्स आहे. जनगणनेच्या अर्जात धर्मापुढे ती 'नाही' असं लिहिते, आणि सुवाच्य अक्षरात लिहिते. पहिल्याच सकाळी तिने बापाला माझ्यासमोर ऐकलं. मग अंगणात उभं राहून तिने फोन केला.

"फादर टुआन? मी शोना हेनेसी. माझा या सगळ्यावर विश्वास नाही. पण माझा बाप रोज कोंबडीकडे कन्फेशनला जातो, आणि त्याला पुढचं बोलता येत नाहीये. मंगळवारी त्याचं ऑपरेशन आहे."

फादर टुआन सहा गावं सांभाळतात. रविवारी त्यांची गाडी तीनशे किलोमीटर धावते आणि जेवण गाडीतच होतं. ते सोमवारी सकाळी आले. स्वयंपाकघरात चहा झाला. फादर म्हणाले, "इथेच बोलूया का? टेबलाशी?"

"समोरासमोर मला जमणार नाही," लीओ म्हणाला. "मधे जाळी लागते."

"जाळी कुठे आहे?"

लीओने खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवलं. फादरांनी खिडकीशी जाऊन पाहिलं. "आत कुणी आहे का?"

"बिशप आहे. अंड्यांवर खुडूक बसलीय, उठायची नाही."

"मग तिला मांडीवर घेतो," फादर म्हणाले आणि गळ्यात कन्फेशनची जांभळी पट्टी घालून अंगणात आले.

खूप वर्षांनी माझ्या मधल्या कप्प्यात फादर बसले. बिशपने त्यांना दोनदा टोचलं, मग अंड्यांसकट त्यांच्या मांडीवर पसरली. फादरांनी जाळीवरची सरकती फळी बाजूला केली. पलीकडे लीओने गुडघे टेकले. पहिलं वाक्य आलं. या वेळी बिशप कुरकुरली नाही, आणि हे मी तिच्या बाजूने मुद्दाम सांगते आहे.

आणि मग दुसरं वाक्य आलं.

ते काय होतं, ते मी सांगणार नाही. तुम्ही ओळखलं असेल तर तुमच्यापाशी ठेवा.

लीओ बाहेर आला तेव्हा दाराने पाठीत थाप दिली आणि तो पहिल्यांदाच त्या थापेवर हसला. डोळे पुसतच हसला. शोनाने विचारलं, "काय शिक्षा झाली?"

"एकदा 'नमो मरिये'ची प्रार्थना म्हणायची. आणि पिल्लं निघेपर्यंत बिशपला उठवायचं नाही."

फादर केसांत पेंढा घेऊन पुढच्या गावाला गेले.

मंगळवारी बाप ऑपरेशनच्या टेबलावर, त्याला घेऊन गेलेला शोनाचा भाऊ तिकडे इस्पितळात, आणि शोना इकडे कोंबड्या सांभाळायला. ती टोपी घेऊन आली. आधी वाकली, फळी डोक्याला लागली, एक शिवी आली. मग तिने गुडघे टेकले. चार अंडी टोपीत घेतली. उठली नाही.

"मला यातलं काही येत नाही," ती जाळीकडे बघून हळूच म्हणाली. "कुणी असशील तर त्याला जरा सांभाळ."

हे मी सांगू शकते, कारण ते कन्फेशन नव्हतं.

लीओ परतला तो छातीवर वीतभर टाके घेऊन. गुडघे टेकायला दोन महिने बंदी. आता रोज सकाळी तो अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि शोना आत येते.

"किती अंडी?" परवा त्याने विचारलं.

"चार."

"चार अंड्यांना एवढा वेळ?"

"दार अडकलं होतं."

"ते दार शंभर वर्षांत अडकलेलं नाही," लीओ म्हणाला आणि बिशपच्या पिल्लांना दाणे टाकू लागला.

मित्रांनो, मला रंग नको, तेलही नको. दाराची थाप असू द्या. जुनं लाकूड घराबाहेर काढताना एवढंच करा, त्यात गुडघे टेकून एकदा हात घालून बघा. कोपऱ्यात काहीतरी उबदार असेल.