कोल्हार पथक

"ओ गिरणीवाले, या नव्या भरतीच्या पोरांना जरा कवायत दाखवा," साहेब खुर्चीतूनच म्हणाले, तसा कानिफनाथ रांगेतून ताडकन पुढे आला.

कोल्हारच्या शाळेच्या मैदानावर होमगार्डची नवी घडी बसवणं चाललं होतं. सीमेवर चकमक झाली आणि वरच्यांना एकदम ही माणसं आठवली. एरवी यात्रेत दोर धरून उभी राहणारी मंडळी आता म्हणे गावाचं रक्षण करणार! त्यासाठी गावोगावची पथकं मोडून तालुक्याचं एकच करायचं होतं. जुन्यांतलं कोण राहणार, ते साहेब आज सांगणार होते.

कोल्हार पथकाचा प्रमुख कानिफनाथ, त्याची पिठाची गिरणी. पण बंदोबस्ताचं बोलावणं आलं की गिरणीला कुलूप. लेक ज्योती जन्मली तेव्हा हा बाप निवडणुकीसाठी नांदेडला. प्रवरेला पूर आला तेव्हा रात्रभर पुलाच्या तोंडाशी आडवा उभा राहिला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण एक टेम्पो पाण्यात जाऊ दिला नाही. खाकी अंगात असली की गाव त्याचं ऐकायचं. नसली की दळण कधी होईल एवढंच विचारायचं. ती खाकी राहावी, बाकी त्याला काही नको होतं.

दुपारपर्यंत त्याचा घसा बसला, पण पोरांचे पाय एका ठेक्यात पडू लागले. पाणी प्यायला आला तेव्हा तो जुन्या जोडीदाराला, मच्छिंद्रला म्हणाला, "आपल्याला न्हाई काडत. ह्यांना शिकवनार कोन?"

"व्हय, तुजा आवाज हाय तवर घोर न्हाई."

साहेब उठले. "नव्या पथकात पंचेचाळिशीच्या आतलेच राहतील. बाकीच्यांनी गणवेश उद्या जमा करायचा."

"साहेब, मी?"

"काका, नियम सगळ्यांना सारखा. आता आराम करा."

कानिफनाथच्या मस्तकात तिडीक गेली. "मंग सकाळधरनं माज्याकडून कवायत कशापायी करून घेतली?"

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गाडीकडे वळता वळता म्हणाले, "तुमच्या माणसांना तुम्हीच सोडा. आवाज चांगला आहे तुमचा."

जुनी माणसं न सांगता रांगेत उभी राहिली. पोटं आत ओढली गेली.

"कोल्हार पथक, सावधान!"

टाचा जुळल्या. पुढचा हुकूम मात्र त्याच्या तोंडून निघेना. बावीस वर्षं जमवलेली माणसं आपल्याच तोंडानं उधळायची?

"दे की नाना," मच्छिंद्र पुटपुटला. "ऊन लई हाय."

"पथक... विसर्जन!"

माणसं उजवीकडे वळली, सलाम करून पांगली. कुणी मागं पाहिलं नाही.

पथक सोडलं की पथकप्रमुखानं साहेबांना सलाम करायचा आणि त्यांनी परवानगी दिली की मगच जायचं, ही रीत. कानिफनाथ वळला, हात कपाळाला लावला. समोर रिकामी खुर्ची होती. गाडी केव्हाच फाटकाबाहेर पडली होती. तो तसाच उभा राहिला. त्याला जा म्हणणारं कुणी नव्हतं.