भाऊजींसाठी टाळ्या

मला राग लवकर येतो आणि आला की मुक्कामाला येतो. माझा नवरा होता तोवर सगळ्यांना सांगायचा, हिच्याशी भांडायचं असेल तर आधी कामावरून रजा काढून या. भाऊजी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, माझे सख्खे दीर. मी काय चीज आहे ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक. तरी माझ्या वाटेला गेले. मग जे झालं त्याला मी काय करू?

माझा धंदा खुर्च्या भाड्याने द्यायचा. कुणाची सभा असो, लग्न असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, माणसं बसवायची म्हटलं की खुर्च्या माझ्याच. त्या ठेवायला बाजारामागे एक लांबलचक गोदाम आहे. शनिवारी बहुतेक माल बाहेर असतो, गोदाम मोकळं. माझी मुलगी ड्रम वाजवते. घरात तिला चिमणी म्हणतात, कारण जन्मली तेव्हा एवढीशी होती. आता वाजवायला बसली की पत्रे हलतात. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "आई, शनिवारी संध्याकाळी आम्ही इथे वाजवू का? घरी शेजारचे दार ठोकतात."

मी हो म्हटलं. ती, गिटारवाला लंबू आणि गाणारी तिची मैत्रीण, अशी तिघं सुरुवातीला. मग ऐकायला वर्गातली पोरं आली, मग दुसऱ्या शाळांतली, मग त्यांचेही बँड. लाकडी फळ्या टाकून मी स्टेज करून दिलं. सातच्या आत गाणं बंद, पोरं घरी. दारू नाही, सिगारेट नाही. दारात खुर्ची टाकून मीच बसायची. माझ्या नाकासमोरून कोण काय आत नेणार? ज्या वयात पोरं कुठे जातात हे आईबापाला कळत नाही, त्या वयातली निम्म्या गावाची पोरं माझ्या डोळ्यांसमोर होती.

भाऊजी नगरपालिकेत सभापती. माणूस वाईट नाही म्हणतात, पण त्यांना टाळ्यांचं भारी वेड. भाषण करून घरी आले की बायकोला विचारणार, कोणत्या वाक्याला जास्त पडल्या? त्यांचं घर गोदामाच्या मागच्या गल्लीत. गल्लीतल्या पेन्शनवाल्यांनी तक्रार केली की शनिवारी दुपारची झोप झाल्यावर डोकं दुखतं. निवडणूक जवळ आलेली. पेन्शनवाल्यांना मत असतं, पोरांना नसतं. ज्याला मत नाही त्याच्यावर नियम करायला कुणाच्या बापाचं काय जातंय?

तर नियम आला. जिथे वाद्यं वाजतात आणि अठराच्या खालची मुलं येतात, तिथे प्रत्येक मुलासोबत पालक हवा. आवाज मोजणारा डबा हवा. आवाज ठरलेल्या हद्दीपुढे गेला की डब्यावर लाल दिवा लागणार आणि स्टेजची वीज आपोआप जाणार. एकदा लाल दिवा लागला की ती जागा मुलांसाठी वर्षभर बंद. आमच्या शेजारच्या हॉटेलात दारू मिळते आणि तिथे रात्रभर स्पीकर कोकलतो. त्याला डबा नाही, कारण तिथे मुलं जात नाहीत. वा रे वा.

चिमणी सतरा वर्षांची. पुढच्या वर्षी ती एका गावी शिकायला जाणार, लंबू दुसऱ्या, गाणारी तिसऱ्या. म्हणजे त्यांच्यासाठी वर्षभर बंद म्हणजे कायमचंच बंद. म्हणून मी तोंड मिटून सगळं पाळलं. डबा घेतला. नगरपालिकेचा वायरमन तो बसवायला आला. डब्याचा माइक स्टेजवर लावायचा, पण तिथे ड्रम मांडलेले, शिडी टेकवायला जागा नाही. "हलवता का जरा?" म्हणाला. मी म्हटलं, हलवते, थांबा. तेवढ्यात त्याने मधल्या तुळईला माइक टांगून टाकलाही, थेट प्रेक्षकांच्या डोक्यावर. "आवाज काय, सगळीकडे सारखाच जातो," म्हणाला आणि सही घेऊन निघून गेला.

त्या शनिवारी पोरांनी जे वाजवलं त्याला वाजवणं म्हणायचं की अंगाई, देव जाणे. चिमणीने ड्रमवर टॉवेल टाकले. लंबूने गिटार इतकं बारीक केलं की त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. पालक शेजारी शेजारी बसलेले, नगरपालिकेचा निरीक्षक मागे उभा. डब्यावर हिरवा दिवा. पहिलं गाणं हिरवं, दुसरं हिरवं, सगळी गाणी हिरवी. शेवटचं संपलं आणि पोरांचं एवढं कौतुक वाटलं सगळ्यांना, की अख्खं गोदाम उठून टाळ्या वाजवायला लागलं.

लाल दिवा लागला. स्टेज अंधारात गेलं. चिमणी काठ्या हातात धरून तशीच बसून राहिली.

सुनावणीला मी भाऊजींसमोर उभी राहिले. म्हटलं, "अहो, ते गाणं नव्हतं, टाळ्या होत्या. निरीक्षकांना विचारा." निरीक्षक म्हणाला, हो, टाळ्याच होत्या. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. घरी माझ्या हातचं जेवताना हा माणूस मान वर करत नाही, तिथे मात्र मला म्हणाला, "बाई, आवाज म्हणजे आवाज. डबा कशाचा ते विचारत नाही. नियम सगळ्यांना सारखा." वहिनी असं नाही म्हणाले. बाई म्हणाले. बाजूला चिमणी उभी होती, सख्खी पुतणी, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गोदाम पोरांसाठी बंद झालं. लंबूने गिटार विकायला काढलं. चिमणी जेवायची, अभ्यास करायची, विचारलं तर नीट उत्तर द्यायची. भांडली असती तर बरं झालं असतं. तिची बोटं ताटाच्या कडेवर वाजायची आणि लक्षात आलं की थांबायची. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी ठरवलं, या माणसाला मी सोडणार नाही. कसं ते माहीत नव्हतं, पण ठरवलं.

आणि बघा, देव कधी कधी घरपोच देतो. नगरपालिकेचं नवं सभागृह बांधून झालं होतं. उद्घाटन भाऊजींच्या हातून, भाषण भाऊजींचं, आणि खुर्च्या अर्थातच माझ्या. आदल्या दिवशी दुपारी मी खुर्च्या मांडायला गेले. भाऊजींनी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं की नियमाची सुरुवात आपल्यापासून, पहिला सरकारी डबा आपल्याच सभागृहात. वायरमन तोच. स्टेजचा पडदा नवा कोरा, मखमलीचा, त्याला कुणी शिडी लावू देईना. मी मान वर केली. माइक छताच्या मधोमध, प्रेक्षकांच्या डोक्यावर लोंबत होता.

मी कितीतरी वेळ तिथेच बघत उभी राहिले. मग त्या माइकखालच्या मधल्या सगळ्या रांगा मी जरा जवळ जवळ मांडल्या आणि संध्याकाळी लंबूच्या घरी गेले.

उद्घाटनाला पोरं आली. प्रत्येकासोबत पालक, नियमाप्रमाणे. केस विंचरलेले, कपडे इस्त्रीचे, एकाच्याही तोंडून चकार शब्द नाही. त्यांना मधल्या रांगांत बसवलं मीच. खुर्च्या माझ्या, मी म्हणेन तिथे माणूस बसतो. दारात भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, राग गेला वाटतं." मी म्हटलं, "घरातलाच माणूस तुम्ही, राग किती दिवस धरायचा?" हसले. मीही हसले.

ते माइकसमोर उभे राहिले. "माझ्या बंधू आणि भगिनींनो," एवढंच म्हणाले आणि मधल्या रांगा उठल्या. काय टाळ्या होत्या त्या. मनापासून, हात दुखेपर्यंत. भाऊजींचा चेहरा उजळला. लगेच लाल दिवा लागला आणि स्टेजवर अंधार झाला.

वायरमन धावत मागच्या जिन्याने वर गेला, बटण दाबून आला. उजेड आला. भाऊजी हसत म्हणाले, "आपल्या प्रेमाचा भार विजेलाही झेपला नाही." बोलणं चांगलं होतं, खरं तर. त्यालाही टाळ्या पडल्या. अंधार. वायरमन पुन्हा धावला. "आज आपल्या शहराच्या इतिहासात," टाळ्या. अंधार. आता बाकीचे लोकही वाजवायला लागले, कारण टाळ्या जांभईसारख्या असतात, एकाने सुरू केलं की दुसऱ्याला राहवत नाही. वायरमन जिन्यावर बसूनच राहिला, वर-खाली करून त्याचा जीव गेला होता. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "अहो, यांना बोलू तरी द्या."

शेवटी भाऊजी स्टेजच्या कडेला आले, माइकशिवाय, घसा ताणून म्हणाले, "कृपा करून टाळ्या वाजवू नका. हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. आयुष्यभर जो माणूस टाळ्यांसाठी जगला, त्याच्याकडून मी हे वदवून घेतलं. माझ्या पोटात असं गार वाटलं की काय सांगू.

वायरमनने शेवटचं एकदा बटण दाबलं, आणि मग एकही टाळी पडली नाही. त्यांनी अख्खं भाषण केलं, आठवडाभर आरशासमोर पाठ केलेलं. जिथे टाळी यायची तिथे ते थांबत आणि वाट बघत. सगळं सभागृह हाताची घडी घालून त्यांच्याकडे बघत राही. भाषण संपलं तेव्हा लोक उठले आणि खुर्च्या सरकवत बाहेर गेले. चिमणी माझ्या शेजारी होती. तिचे तळहात लालबुंद झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी गोदामात आले. पहिल्यांदाच. दोन वर्षांत एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. चिमणी खुर्च्या पुसत होती. मी त्यांना खुर्ची दिली, जिचा एक पाय जरा लंगडा आहे ती.

त्यांच्या गळ्याशी काय आलं होतं ते मला ठाऊक होतं. लाल दिवा लागला, तोही अनेकदा, सगळ्या गावादेखत. म्हणजे नियमाप्रमाणे नवं सभागृह मुलांसाठी वर्षभर बंद. आणि सगळ्या शाळांची स्नेहसंमेलनं तिथेच ठरलेली. सकाळपासून मुख्याध्यापक त्यांच्या दारात उभे होते. टाळ्यांचा आवाज धरायचा नाही, असं आता त्यांना करावंच लागणार होतं.

"तुमचं गोदामही सुटेल त्यात," ते म्हणाले. "मी आत्ता फोन करतो. पण वहिनी, लोकांपुढे माझी काही इज्जत राहायला हवी. पोरांनी खोडसाळपणा केला, हे उघड आहे. त्यांनी माफी मागावी. मी म्हणेन, लहान आहेत, मोठ्या मनाने माफ केलं, आणि नियमही बदलला. एवढंच."

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही," मी म्हटलं. "टाळ्या वाजवल्याची माफी? तुम्ही आमच्या पोरांची मागा आधी. बाई म्हणालात मला, भरसभेत."

"मग सभागृहाचं मी बघतो कसंतरी, सरकारी जागा म्हणून. तुमचा डबा तुम्हाला लखलाभ." ते उठायला लागले.

"काका," चिमणी म्हणाली. हातातलं फडकं तिने खाली ठेवलं. "माफी मागते मी. सगळ्यांच्या वतीने. आम्ही टाळ्या वाजवल्या, चुकलं आमचं."

मला वाटलं, कुणी माझ्या थोबाडीत मारली. एवढं सगळं मी कुणासाठी केलं होतं? माझ्या पोरीने त्या माणसापुढे मान खाली घातली, तीही मी समोर असताना. मी काही बोलणार होते, पण तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या बापाचा मृत्यू झाला तेव्हासुद्धा तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मी गप्प बसले. मी गप्प बसले हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

भाऊजी खूश झाले. "बघा वहिनी, लेकरू तुमच्यापेक्षा शहाणं." त्यांनी फोन काढला आणि कार्यालयात सांगितलं, नियमात दुरुस्ती लिहून काढा, गोदामाची बंदी आजपासून उठली, निरीक्षकाला कळवा. चिमणी शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

"झाला फोन?" तिने विचारलं.

"झाला."

"आता बंदी परत येणार नाही ना?"

"नाही गं. शब्द आहे माझा."

"मग आमचाही ऐका," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, भाजी काय आणायची विचारावं तसा. "माफी मागितली म्हणजे तीच चूक परत करायची नाही. म्हणून आमचं ठरलंय. यापुढे तुमच्या भाषणाला आमच्यातलं कुणी टाळी वाजवणार नाही. कधीच नाही. कॉलेजात गेलो तरी नाही, आम्हाला मताचा हक्क मिळाला तरी नाही, आमची पोरं झाली तरी नाही. लोकांनी विचारलं तर सांगू, काकांनी स्वतः हात जोडून सांगितलंय."

भाऊजींनी हातातल्या फोनकडे बघितलं, पण आता परत लावून बंदी घाला म्हणायला तोंड कुठे होतं? मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, हिला जरा समजवा."

"सगळं समजतं तिला," मी म्हटलं.

ते लंगड्या खुर्चीवरून उठले, सावरले आणि दाराकडे चालायला लागले. दाराशी थांबले. वाटलं असेल, मागून कुणी हाक मारेल, लहान मूल आहे, गंमत करते म्हणेल. आम्ही दोघी उभ्या होतो तिथेच उभ्या राहिलो. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.