चुकेल तो रांधेल

सलग तिसऱ्या दिवशी मी बटाटे सोलत होतो, आणि डोकं असं भणभणलं होतं की सालीबरोबर अर्धा बटाटाही जात होता.

आमच्या टोळीचा नियमच आहे तसा. आम्ही झाडं छाटणारी तीन माणसं. दिवसभरात ज्याच्या हातून चूक होईल, त्याने सुटी झाल्यावर अवजारांच्या खोलीत स्टोव्ह पेटवायचा आणि बाकीच्यांना रांधून घालायचं. नियम काढला कुणी, तर वीस वर्षांपूर्वी मीच. तेव्हा मी चुकत नव्हतो ना! आता बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

सोमवारी करवत खोलीतच विसरून कामावर गेलो. मंगळवारी वरून सोडलेली फांदी एका बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडली. बुधवारी तर कहर केला. वाळकी फांदी सोडून तिच्या शेजारची हिरवीगार फांदी कापली. माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, खाली उभा राहून माझ्याकडे लक्ष ठेवतो. तो म्हणाला, भावोजींनी आता खाणावळच काढावी. आमच्यातला तिसरा म्हणजे मुकादम, तोही हसला. हसू दे, पण पुढच्या महिन्यापासून झाडावर कोण चढणार हे तोच ठरवणार होता. मला बावन्नावं लागलंय. खाली उभं राहून पाला गोळा करायची वेळ आली तर मी मेलो असं समज, हे मी बायकोला सांगूनच ठेवलं होतं. ती म्हणाली, मरायचं नंतर बघा, आधी डोळे तपासून घ्या. डोळे म्हणे! बत्तीस वर्षं काय डोळे मिटून चढलो?

गुरुवारी काही झालं तरी बटाट्याला हात लावायचा नाही, असं ठरवूनच झाडावर चढलो. रागात माणूस भराभर चढतो. वर पाला दाट, आणि दोन जाड फांद्या एकमेकींना खेटून गेलेल्या. एकीला माझा दोर बांधला, पाय रोवले आणि दुसरीवर करवत चालवली. चांगली दोन बोटं आत गेली.

"भावोजी, हात थांबवा," मेव्हणा खालून म्हणाला.

एरवी तो बोंबलतो. आज अगदी हळू बोलला.

"आता काय झालं?"

"तुमचा दोर बघा."

दोर हाताने चाचपत गेलो. पानांआडून तो जिला बांधलेला होता, तीच फांदी मी दुसरी समजून कापत होतो. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणाऱ्या शहाण्याची गोष्ट आम्ही नवख्यांना हसत हसत सांगतो. तो शहाणा मीच निघालो.

खाली उतरलो. मुकादमाने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, की आजचं काम पुरे.

खोलीवर आल्यावर हात धुऊन मी सुरी शोधायला लागलो. सुरी मेव्हण्याच्या हातात होती. तो खाली मान घालून कांदा चिरत होता.

"आण इकडे. नियम तो नियम."

"आज मी करतो, भावोजी. तुम्ही बसा."

मी भांडणारच होतो. पण खाणावळीचं नावसुद्धा कुणी काढेना, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमचा नियम हसण्यावारी नेता येणाऱ्या चुकांसाठी होता. ही त्यातली नव्हती.

त्याने अंडी फोडली, बटाटे परतले आणि पाहुण्याला वाढावं तसं पहिल्यांदा मला वाढलं. बसल्या जागेवरून समोरच्या भिंतीवरच्या, दोर टांगायच्या खुंट्या दिसत होत्या. माझी खुंटी रिकामी होती. माझा दोर नीट गुंडाळून मेव्हण्याने स्वतःच्या खुंटीला टांगला होता.

भाजी चांगली झाली होती. तसं त्याला सांगितलं आणि आणखी वाढून घ्यायला ताट पुढे केलं.