जुनं आहे, लागतं

बाबांनी आयुष्यात बांधलं पुष्कळ, पण लोकांच्या लक्षात राहिला तो एकच पूल, आणि तोही हलतो म्हणून. कालव्यावरचा, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. अलीकडे वस्ती, पलीकडे दवाखाना. एकटादुकटा माणूस गेला तर पूल आपला साधूसारखा शांत. पण दवाखान्याची पाळी सुटली, शाळेची पोरं आली, गर्दी झाली की लागला आडवा डुलायला. पडणार नव्हता, तेवढं लोखंड बाबांनी त्याच्यात घातलं होतं. पण पायाखालची जमीन डुलायला लागली की कुणाला गणित पटत नाही. लोकांनी त्याचं नाव 'पाळणा' ठेवलं. आईचं स्वतःचं मेडिकल आहे. तिने तर त्या दिवसांत दुकानातलं 'वापरण्यापूर्वी हलवावे' हे लेबल कठड्याला लावायचं म्हणून पर्समध्ये टाकलं होतं. थट्टाच ती, पण बाबा त्यावरून चांगले दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

आता नगरपालिकेच्या मनात आलं होतं की हा पाळणा एकदाचा काढून टाकावा. सोमवारी बैठक होती. बाबा निवृत्त, त्यांना बोलायला थोडा वेळ देऊ, एवढी मेहेरबानी झाली होती. बाबांना वाटायचं की पुलाखाली योग्य जागी वजनं टांगली तर डुलणं थांबेल. पण 'वाटायचं' हे बैठकीत चालत नाही. आणि खरं दुखणं तर निराळंच होतं. रक्तदाब तपासायला दवाखान्यात जायचं तरी बाबा आपला पूल सोडून थेट रेल्वेच्या फाटकापर्यंत वळसा घालायचे. टोमणे ऐकायला नकोत म्हणून. हे लेकीला फोनवर कळलं, तिला ते सहन झालं नाही, आणि तिने रजा टाकून घर गाठलं.

लेकीचं घरातलं नाव खारू. लहानपणापासून एखादी गोष्ट हाती लागली की ती फुटेपर्यंत कुरतडत बसायची, म्हणून खारू. ती लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती आणि काय का हलतं हे शोधणं हाच तिचा धंदा होता. कॉलेजात असताना तिने एक प्रोग्रॅम वापरला होता. त्यात पूल घातला की तो पडद्यावर खऱ्यासारखा हलतो, वजन टांगलं की काय होईल तेही दाखवतो. फुकटचा, कुण्या प्राध्यापक मंडळींनी लिहिलेला आणि पुढे वाऱ्यावर सोडलेला. कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही चढवायची सोय नव्हती, म्हणून बाहेरच्या खोलीतला घरचा कंप्युटर. तिने येताना आईला सांगितलं, "दुपारपर्यंत होईल."

आता या प्रोग्रॅमची गंमत अशी की तो तयार मिळत नाही, कच्चा मिळतो. आपल्या कंप्युटरवर तो शिजवून घ्यायचा. त्यालाच कंपाइल करणं म्हणतात. आणि शिजवायला बसलं की एकेक जिन्नस आठवतो. पुलाच्या प्रोग्रॅमला जाळी विणणारा, म्हणजे पुलाचे बारीक तुकडे पाडून देणारा, दुसरा प्रोग्रॅम हवा होता. जाळीवाल्याला गणिताची लायब्ररी हवी, म्हणजे तयार आकडेमोडीचा एक गठ्ठा. तो गठ्ठा कंप्युटरवर होता, पण नवा. जाळीवाला म्हणे मला जुनाच पाहिजे. खारूने कुठून कुठून शोधून जुना आणला, तर पडद्यावर चित्र काढणारा रुसला. त्याला नवाच हवा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्या बिचाऱ्या पुलाची अवस्था. मांडवात रुसलेले दोन जावई समजावणं सोपं, पण या दोघांपुढे हात टेकले.

बाबा मागे खुर्ची टाकून बसले होते. पडद्यावर लाल अक्षरं आली की ती मोठ्याने वाचायची, एवढं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"'सापडत नाही' म्हणतोय."

"दिसतंय मला, बाबा."

"काय सापडत नाही तेही सांगतोय खाली."

"तेही दिसतंय."

"मग देऊन टाक ना त्याला."

खारूने मान वळवून बापाकडे पाहिलं. बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, आणि मागून पुटपुटले, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्या दिवशी आईने दोघांना जेवायला वेगवेगळं वाढलं.

शेवटी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला जमलं. खारूने जुनी लायब्ररी आणि नवी लायब्ररी शेजारीशेजारी ठेवल्या, कुणी कुठली घ्यायची ते लिहून दिलं आणि कंपाइल सुरू केलं. कंप्युटर म्हातारा, त्याला सगळी संध्याकाळ लागणार होती. म्हणून बापलेक पूल मोजायला गेले. मोजायचं म्हणजे खारूचा फोन बाबांच्या रुमालाने कठड्याला बांधायचा. पूल किती हलतो ते फोन आपोआप टिपतो. बाबांनी सांगितल्याप्रमाणे फोन बरोब्बर मधोमध बांधला. बाबा स्वतः पुलावर आले नाहीत. अलीकडच्या टोकाला, टोपी कपाळावर ओढून, उधारीवाल्यापासून लपल्यासारखे उभे राहिले. एक नर्स जाता जाता म्हणाली, "काका, तुमचा पाळणा हलवायला आलात का?" बाबा कसनुसं हसले आणि त्यांनी टोपी आणखी खाली ओढली.

घरी येऊन बघतात तर कंपाइल अर्ध्यात मेलेलं. जुनी लायब्ररी सापडत नाही.

"होती की इथेच," खारू म्हणाली. आता मात्र तिथे नव्हती. तिला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी झालं असेल. पुन्हा आणली, पुन्हा ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी पूल मोजून आले, तर पुन्हा तेच. नवी जागेवर, जुनी गायब. मग खारूने इंटरनेटवर जगभरच्या लोकांना विचारलं. कुणी म्हणालं डिस्क खराब आहे, कुणी म्हणालं सगळं पुसून नव्याने सुरू करा, एकाने तर कंप्युटर बदलायचा सल्ला दिला. तिने डिस्क तपासली, रॅम काढून पुसून बसवली. शनिवार उजाडला तेव्हा पूल सोडा, साधी पट्टीसुद्धा पडद्यावर हलली नव्हती. सकाळी बाबा म्हणाले, "राहू दे, खारू. नाही जमत काही गोष्टी. चांगलं झोपून घे आज." त्यांनी हे इतक्या मायेने म्हटलं की खारूला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

तरी तिने दुपारी पुन्हा सगळं जुळवलं, कंपाइल सुरू केलं आणि संध्याकाळी दोघं निघाले. कोपऱ्यावर बाबांना आठवलं की चष्मा घरीच राहिला. "तुम्ही थांबा, मी आणते," म्हणून खारू परत फिरली. दार नुसतं लोटलेलं. आत आई दुकानातून आली होती, पदर खोचलेला, आणि गुणगुणत कंप्युटरपुढे बसली होती. रोज या वेळेला ती मेडिकलचा स्टॉक त्याच कंप्युटरवर चढवायची. हे खारूला ठाऊक होतं. त्यानंतर ती काय करते, ते ठाऊक नव्हतं.

"आई, काय करतेयस?"

"आवरतेय. किती पसारा केलायस तू यात. रोज बोंबलतो, जागा संपली म्हणून."

"आवरतेयस म्हणजे?"

"म्हणजे एक्सपायरी झालेलं काढते. हे बघ ना, एकाच नावाचे दोन गठ्ठे. एक ताजा आणि एक कधीच्या काळचा. ताजा माल आलेला असताना जुना कोण ठेवतं कपाटात? मी रोज काढते, कचराटोपलीसुद्धा रिकामी करते, आणि दुसऱ्या दिवशी मेलं ते पुन्हा उगवतं. मला वाटलं व्हायरस आहे."

खारू होती तिथे जमिनीवर बसली. आधी तिला राग आला, खोटं कशाला बोला. मग आईच्या चेहऱ्यावरचा तो कर्तव्यदक्षपणा पाहून असं हसू फुटलं की तिला बोलताच येईना. जगभर विचारून आली होती बाई. काखेत कळसा आणि गावाला वळसा. या घरात जन्म काढून तिला हे सुचू नये, याचंच नवल. आईच्या राज्यात तारीख उलटलेली वस्तू टिकत नाही. लोणचं असो, गोळ्या असोत, बाबांचे शर्ट असोत, आई तारीख बघणार आणि वस्तू बाहेर. त्यात विचारायचं काय? केर काढताना कुणी विचारतं का?

मग खारूने समजावून सांगितलं की तो व्हायरस नव्हता, पुलाचा प्रोग्रॅम त्या जुन्यावाचून अडून बसला होता. आईचं गुणगुणणं थांबलं. तिने पदर सोडला.

"म्हणजे रोज संध्याकाळी यांचा पूल मीच पाडत होते का गं?"

"तसं नाही, आई."

"तसंच आहे. आणि ते बिचारे गप्प बसून आहेत कधीचे." आईचे डोळे भरून आले होते. ती थट्टा करायची, पण बाबा फाटकाकडून वळसा घालतात हे तिलाही माहीत होतं आणि तिलाही ते लागत होतं. मग मेडिकलवाली जागी झाली. "असं बघ, माझ्याकडे एक आजोबा येतात. त्यांना जुन्या कंपनीचीच गोळी मानवते, नवी दिली की पित्त. त्यांच्या गोळ्या मी सगळ्यांच्या कपाटात ठेवतच नाही. वेगळा खण, त्यांच्या नावाचा. मी स्वतःसुद्धा त्याला हात लावत नाही. तसं नाही का करता येत यात?"

करता येत होतं. खारूला ते माहीतही होतं, पण दुपारपर्यंत होईल म्हणून तिने घाईघाईत सगळं एकाच कपाटात कोंबलं होतं. तिने आता पुलाच्या प्रोग्रॅमसाठी वेगळा खण केला. जुनं काय लागेल ते त्यात, बाहेरचा कुणी आत बघणार नाही, आतला बाहेर येणार नाही. आईने पर्समधून कोरी लेबलं काढली, औषधाच्या बाटलीवर लावतात ती, लाल काठाची. ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'जुनं आहे. लागतं. टाकू नये.' आणि ते कंप्युटरच्या डब्यावर चिकटवलं. त्या लेबलावर खाली एक्सपायरीची जागा असते. ती तिने कोरी सोडली.

तेवढ्यात बाबा दारात आले. बिनचष्म्याचे कोपऱ्यावर उभे राहून कंटाळले होते. त्यांना सगळी कथा सांगितली. बाबांनी आईकडे बघितलं.

"शर्ट गेले, बूट गेले, माझी चांगली छत्री गेली. आता पूल राहिला होता."

"छत्रीला भोक होतं," आई म्हणाली.

आणि बाबा हसले. पोटभर, खुर्चीचा हात धरून हसले. खारू आल्यापासून तिने पहिल्यांदाच ते हसणं ऐकलं.

रविवारी नाश्त्याच्या वेळेला कंपाइल पुरं झालं. एकही लाल ओळ नाही. खारूने पूल घातला, रोजची मोजमापं घातली, पडद्यावरून शाळेची पोरं चालवली. पूल डुलायला लागला. बाबा खुर्ची ओढून इतके पुढे आले की त्यांचं नाक पडद्याला लागायचं बाकी होतं.

"वजन मधोमध टांग," ते म्हणाले. त्यांचा पहिल्यापासून तोच हट्ट होता.

टांगलं. पूल आपला डुलतोच आहे.

खारूने तेच चित्र हळू चालवून पाहिलं, आणि तिघांनाही एकदमच दिसलं. पुलाची डावी बाजू इकडे गेली की उजवी तिकडे जात होती, आणि मधला भाग जवळजवळ जागचा हलत नव्हता. जिथे काही हलतच नाही तिथे वजन टांगून उपयोग काय? फोनही त्यांनी रोज तिथेच बांधला होता आणि रोज म्हणत होते, आकडे एवढे कमी कसे.

"मी मधे उभं राहून पाहिलं होतं," आई म्हणाली. "मला वाटलं, लोक उगाच बोंब मारतात."

"मग सांगायचं होतंस."

"तुम्ही बोलत होतात का माझ्याशी?"

खारूने वजनं दोन्हीकडे टांगली, टोक आणि मध्य यांच्या बरोबर निम्म्यावर. पुन्हा पोरं सोडली. पूल एकदा डुलला, मग अर्धाच, मग शहाण्या बाळासारखा उभा राहिला. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "परत दाखव." तिने परत दाखवलं. दुपारपर्यंत ती तेच दाखवत होती.

सोमवारी बाबांनी ठेवणीतला कोट घातला. दारात आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, धूळ झटकल्यासारखा. बैठकीच्या खोलीत खारूचं चित्र दाखवायला पडदा लावलेला होता. बाबा उठून पडद्याकडे तोंड करून उभे राहिले आणि पाठ लोकांकडे झाली. तेव्हा खारूला ते दिसलं. दोन खांद्यांच्या मधोमध, लाल काठाचं लेबल. ती उठायला लागली तर आईने तिचं मनगट घट्ट धरलं. "बस," आई कुजबुजली. "राहू दे."

बाबांचं लक्ष नव्हतं. ते आपली चूकही सांगत होते, कुठे वजन टांगायचं म्हणत होते आणि कुठे टांगायला हवं. मागच्या रांगेत खसखस पिकली. बाबांना वाटलं, मुद्दा पटतोय. नगरपालिकेच्या मुख्य इंजिनिअर बाईंनी ते चित्र दोनदा बघितलं. मग त्या म्हणाल्या, "वजनं टांगून बघू. पाडायचं काय, कुठे पळून जातंय?" आणि पाडायचा विषय तिथेच बाजूला पडला.

परत येताना कालव्याशी आल्यावर बाबांचे पाय सवयीने फाटकाकडे वळले. मग थांबले. त्यांनी टोपी वर सरकवली आणि पुलावर पाऊल टाकलं. दवाखान्याची पाळी नुकतीच सुटली होती, पूल डुलतच होता. ती परवाची नर्स समोरून आली, बाबांच्या बाजूने गेली आणि मागे वळून हसली.

"आज सगळे माझ्या पाठीमागे का हसतायत?" बाबांनी विचारलं.

आईने कोटावरचं लेबल सोडवून त्यांच्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'जुने आहेत. लागतात. टाकू नयेत.' बाबांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"एक्सपायरी लिहिली नाहीस," ते म्हणाले.

"ती जागा कोरीच ठेवायची असते," आई म्हणाली.

बाबांनी लेबल नीट दुमडून खिशात ठेवलं, आईचा हात धरला, आणि दोघं डुलत डुलत पलीकडे गेले.